परवावाली काकू

सक्करदऱ्यात शीलाकाकूंचं घर विचारलं की लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघत. गालावर, कपाळावर मुरुमं दिसली की पत्ता सांगत आणि वर जोडत, "पण आज तेल भेटत नाही बरं." ते खरंच असायचं. मी नऊ वर्षं त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहिले, पण पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून तेलाची बाटली घेऊन निघालेलं माणूस मला एकदाही दिसलं नाही. आलेल्या मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला त्या तेलाचा एक थेंब लावत, त्याच्याभोवती निळ्या बॉलपेननं रुपयाएवढा गोल काढत आणि म्हणत, "परवा येजो." त्यावरून त्यांचं नाव परवावाली काकू पडलं. त्यांच्यासमोरही लोक तसंच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

मी मुळातच उतावळी. स्टॉपवर पाच मिनिटं बस आली नाही की ऑटोला हात करणारी. अशा बाईला देवानं नाजूक कातडी द्यावी हे काही बरं केलं नाही. साबण बदलला तरी माझे गाल लाल होत, आणि त्या लालीवर मुरुमं येत. सीताबर्डीतल्या एका चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर होते. तिथे चहूकडे आरसे. गिऱ्हाईक येऊन स्वतःला पाच मिनिटं बघून जाई, मी मात्र दिवसभर मलाच बघत उभी. क्रीमं झाली, लेप झाले, मोबाइलवर जे जे कोणी सांगितलं ते ते लावून झालं. शेवटी आमच्या घरमालकीणबाईंनी हात धरून मला समोरच्या हिरव्या दारात नेऊन उभं केलं.

काकूंनी मला दाराकडे तोंड करून स्टुलावर बसवलं. ट्यूबलाइटच्या उजेडात त्या कोणाचं तोंड बघत नसत. उजेड घरात येतो तेवढ्या वेळातच यायचं, असा नियम. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, आणि एक दांडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा. (ती दांडी पुढे मीच दुकानातून बदलून आणली. तीसुद्धा त्यांनी दोन दिवस घालून पाहिली आणि मगच माझा चष्मा म्हणाल्या.) बोटही न लावता त्यांनी माझे दोन्ही गाल नीट पाहिले. मग विचारलं,

"स्कार्फ कवा धुतला?"

नागपूरच्या उन्हात गाडीवर निघणारी मुलगी डोळे सोडून सगळं तोंड बांधून घेते. मी आठवून पाहिलं. आठवेना.

"उशीची खोळ?"

तेही आठवेना.

"केसाले काय लावते?"

"खोबरेल."

"मंग काय. ते तेल कपाळावर उतरते, अन् दिवसभर स्कार्फात शिजते. तोंडाचा काय गुन्हा आहे त्याच्यात?"

भिंतीतल्या कपाटात तपकिरी बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. करडई, तीळ, जवस, निंबोळी, करंज. तेलं त्या घाण्यावरून स्वतः आणत आणि फडक्यातून दोनदा गाळत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचं अक्षर मात्र एखाद्या शाळकरी मुलीचं होतं, गोल गोल, 'निंबोळी'च्या वेलांटीला छोटंसं फूल काढलेलं. शाई पार फिकी झाली होती. बाटली फुटली किंवा बदलली तर काकू जुनी चिठ्ठी ओल्या फडक्यानं अलगद सोडवत आणि नव्या बाटलीला चिकटवत. मी एकदा म्हटलं, नवीन लिहून देते. त्या म्हणाल्या, "राहू दे. मले वासावरूनच समजते." मग चिठ्ठी कशाला जपता, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या वेळी त्यांनी करडईच्या तेलात निंबोळीचे दोन थेंब मिसळून माझ्या कोपरात लावलं. संध्याकाळपर्यंत गोलाच्या आत सगळं लाल. मी तणतणत गेले. काकूंना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्या खूशच झाल्या. "बरं झालं नं वं. कोपरावरच झालं." मग दुसऱ्या हातावर नुसत्या करडईचा थेंब आणि पुन्हा गोल. "परवा येजो. तिथं साबण लावू नको." ते दोन दिवस मला दोन महिन्यांसारखे गेले. पण करडई मानवली. रोज तोंड धुतल्यावर तळहातावर चोळून दोन थेंब, त्याहून जास्त नाही. स्कार्फ रोज धुवायचा, खोबरेल बंद. तीनेक महिन्यांत माझे गाल निवले. जाहिरातीतल्यासारखे नाही झाले. महिन्याला एखाददुसरं मुरूम यायचंच, आणि मी कुरकुर केली की काकू म्हणत, "तोंड आहे ते, फरशी थोडी आहे."

त्या गोलाची एक गंमत होती. एकदा दुकानात एका मुलीनं फ्रेम घालून बघायला हात वर केला आणि तिच्या कोपरात मला निळा गोल दिसला. मी काही न बोलता माझी बाही वर केली. त्या वेळी माझ्याही हातावर नव्या तेलाचा गोल होता. ओळख ना देख, पण आम्ही दोघी हसत सुटलो. आमचे मालक बराच वेळ दोघींकडे बघत राहिले.

काकू सगळ्यांनाच तेल देत असं नाही. एक बाई रंग उजळण्यासाठी काही मागायला आल्या. "रंग पाहिजे तं पेंटरकडे जा बाई," काकू म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला स्टुलावर बसवलं. एकदा कॉलेजातली एक मुलगी आली. तिच्या जबड्यावर खोल, दुखऱ्या गाठी. काकूंनी तिला दोन मिनिटं पाहिलं आणि कपाट लावून टाकलं. "हे माह्या हातचं नाही. दवाखान्यात जा." घरचे दवाखान्यात न्यायला तयार नव्हते, आपोआप जाईल म्हणत होते. मग काकूच तिला घेऊन गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि सोबत मला नेलं, कारण फॉर्म भरायला त्या घाबरत. तिथल्या तरुण डॉक्टरांनी काकूंच्या तेलकट बोटांकडे पाहून आवाज चढवला. "काय तेलबिल लावलं हो पोरीच्या तोंडाला?"

"लावलं नाही, डॉक्टरसाहेब," काकू म्हणाल्या. "म्हणून तं आणलं."

परत येताना ऑटोत त्या बराच वेळ स्वतःशीच हसत होत्या. त्यांना इतकं खूश मी फार वेळा पाहिलं नाही.

मला वाटायचं, हा धीर त्यांच्यात जन्मतःच असावा. काही माणसं दूध उतू जाऊ देत नाहीत, तशा या. मग एका एप्रिलमध्ये गल्लीतल्या एका लग्नघरची मुलगी आईला घेऊन आली. मुलीचं कपाळ मुरुमांनी भरून आलं होतं आणि डोळे रडून सुजले होते.

"दोन दिवस कुठून आणू काकू?" आई म्हणाली. "हळदच परवा आहे. तुम्ही आज द्या, आम्ही लावतो."

"तं हळद लागू दे. मी आज देत नाही."

"काहून इतकं ताणून राहिल्या? सगळ्यांले चालते तुमचं तेल."

"सगळ्यांचं तोंड हिच्या मानेवर नाही."

बाईला राग आला. उठता उठता ती म्हणाली, "हिच्या जागी तुमची स्वतःची पोरगी असती तं दिलं असतं."

त्या दोघी गेल्या. मी स्टूल उचलून भिंतीला लावत होते. काकूंनी बाटल्यांची ओळ, ती सरळच होती, पुन्हा सरळ केली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "माह्या पोरीलेच लावलं होतं मी."

त्यांची मुलगी वैशाली मला माहीत होती. बुटीबोरीत सूतगिरणीच्या ऑफिसात कामाला होती, तिकडेच खोली घेऊन राहायची, एक रविवार सोडून यायची. शांत मुलगी. घरात बसतानाही स्कार्फ गळ्यात असायचा.

"एकवीस वर्षांची होती," काकू सांगू लागल्या. "विमानात काम करायचं म्हणे. त्याचा कोर्स केला, इंग्रजी शिकली. इंटरव्ह्यूले बोलावलं, अन् चार दिवस आधी तोंडावर सात-आठ फोडं आले. तेलं घरात आधीपासून होते, पण तोंडाले लावाचं मी तवा नवीनच शिकली होती. चार जणींचे तोंडं माह्या हातानं चांगले झाले होते नं, मले वाटे आता आपल्याले सगळं समजते. पोरगी म्हणे, आई, आधी हातावर लावून पाह. मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, तुले माह्या हातावर भरोसा नाही का?"

त्यांनी निंबोळीचं निखळ तेल घेतलं होतं, वर लिंबू पिळलं होतं, लवकर सुकावं म्हणून. दुसऱ्या दिवशी वैशालीचे डोळे उघडेनात. गाल भाजल्यासारखे झाले. तरी ती गेली, स्कार्फ बांधून. तिथे स्कार्फ काढायला सांगितला. तिनं काढला, तेव्हा 'बरं झालं की या' एवढंच म्हणाले. डाग जायला वर्ष लागलं. मग तिनं कुठेच अर्ज केला नाही.

"भांडली का तुमच्याशी?"

"भांडली असती तं बरं झालं असतं वं. एक शब्द नाही बोलली. पण तवापासून माहा हात तोंडाले लागू देला नाही तिनं. बारा वर्षं झाले. ताप आला तरी कपाळ पाहू देत नाही. मले आता दुसरं काही नाही पाहिजे. एकदा तिच्या गालाले हात लावू दे, बस्."

त्या चिठ्ठ्या वैशालीनं सहावीत असताना लिहिल्या होत्या, हेही त्याच दिवशी कळलं.

त्यानंतर मला ते दिसायला लागलं. आधीही समोरच होतं, पण मी पाहिलं नव्हतं. रविवारी मायलेकी जेवत असत. वैशालीच्या गालाला भाताचं शीत लागलं की काकूंचा हात उठायचा, आणि नेमका त्याच वेळी वैशालीला खालचा पेला उचलायचा असायचा. काकूंचा हात मग ताटातली चटणी इकडून तिकडे करायचा. दोघी पुढे बोलत राहायच्या, पाण्याचं, भाज्यांचं, बुटीबोरीच्या बसचं. वैशालीचा चेहरा आता स्वच्छ होता. डाव्या गालावर एक फिकी सावली होती, तीही काकूंच्या दारातल्या उजेडातच दिसे.

न राहवून मी एकदा लुडबुड केली. वैशालीला स्टॉपपर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, "वैशाली, काकूंना फार लागतं गं ते."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मले माहीत आहे, ताई. माह्या मनात राग नाही आहे. खरंच नाही. पण हात जवळ आला का मान आपोआप वळते. दर वेळी घरून ठरवून निघते, आज नाही वळवायची. अन् वळते." थोड्या वेळानं म्हणाली, "तिचा चेहरा तवा कसा होते, ते मलेही दिसते."

बस आली. ती चढून गेली.

दोन वर्षांमागे काकूंच्या किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. अंग वाळलं, कातडी कागदासारखी झाली आणि खाज सुटली ती थांबेना. मलम लावलं की आग व्हायची. ज्या बाईनं अर्ध्या सक्करदऱ्याची कातडी निववली, ती खाटेवर पडून स्वतःचे हात ओरबाडत होती. मला बघवत नसे. मुली अजून येत, दारातून डोकावत, आणि काकू आतूनच म्हणत, "आता नाही वं. दवाखान्यात दाखवजो."

साधं तेल मानवत असेल तर लावायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच करडईची बाटली काढली.

"थांब," काकू म्हणाल्या. "या कातडीचा आता भरोसा नाही. आधी गोल काढा लागते."

"मग काढते ना."

"तू नको. वैशूले येऊ दे."

वैशाली सुट्टी टाकून आली. ती आली त्या दुपारी मी तिथेच होते. दारातून खाटेपर्यंत उजेड आला होता. वैशालीनं बाटली काढली, चिठ्ठीवरच्या आपल्याच अक्षराकडे क्षणभर बघितलं आणि झाकण उघडून आईच्या हातात दिलं. काकूंनी वास घेतला, झाकणातलं तेल दोन बोटांवर घेऊन चोळून पाहिलं. "चांगलं आहे. खवट नाही."

वैशालीनं आईच्या उजव्या कोपरात एक थेंब लावला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी पर्समधून बॉलपेन काढून दिलं. वाळलेल्या कातडीवर पेन नीट उमटेना, म्हणून ती अगदी खाली वाकली आणि हळूहळू गोल काढू लागली. तिचा चेहरा काकूंच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. स्कार्फ खांद्यावरून घसरला होता.

काकूंचा डावा हात उठला. वैशालीला तो दिसला, कारण तिचं पेन थांबलं. तिनं डोळे मिटले. पण मान वळली नाही. ती तशीच वाकून राहिली, गाल पुढे करून.

हात गालाजवळ आला आणि थांबला. काकूंनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं. त्यांवर तेल चमकत होतं.

"हाताले तेल आहे वं," त्या म्हणाल्या. "तुह्या तोंडाले हे कुठं पाहिलं आहे आपण. परवा पाहू. तुह्याही हातावर लावून ठेवू." आणि त्यांनी तो हात परत पांघरुणावर ठेवला.

मला ओरडावंसं वाटलं. पुसा तो पदराला आणि लावा, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण काकूंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत वाट बघण्यात त्या इतक्या तरबेज झाल्या होत्या, की आणखी दोन दिवस त्यांना काहीच वाटले नाहीत. मी उतावळी बाई, जन्मात एकदाच धीर धरला आणि तोही नको तिथे. याचं मला अजून वाईट वाटतं.

"हाव आई," वैशाली म्हणाली. "परवा." तिनं स्वतःच्या कोपरातही एक थेंब लावला आणि गोल काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी चहा नको म्हटलं आणि नवाच्या सुमाराला त्या गेल्या.

अंघोळ घालताना आम्ही चौघी बायका होतो. वैशालीनं कोणाला पुढे येऊ दिलं नाही. कोमट पाण्यानं ती आईचे पाय धूत होती, पाठ धूत होती. उजवा हात धुवायची वेळ आली तेव्हा ती थांबली. कोपरातला निळा गोल तसाच होता. तिनं तो हात दाराकडे, उजेडात धरला आणि आतली कातडी बघितली. पुरळ नव्हतं, लालीही नव्हती.

"आईले चाललं असतं," ती म्हणाली.

मग तिनं मला कपाटातून बाटली आणायला सांगितली. आईच्या पायांना, ओरबाडलेल्या दंडांना, कपाळाला तिनं करडईचं तेल लावलं, दोनच थेंब तळहातावर चोळून, काकूंनी सगळ्यांना शिकवलं होतं तसंच. शेवटी हातांच्या तळव्यांना लावलं. पांढरं पातळ नेसवलं. मग ती आईच्या डोक्याशी बसली, आईचा डावा हात तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि तो तेल लागलेला तळवा आपल्या डाव्या गालावर ठेवून धरला. तिच्या स्वतःच्या कोपरातल्या गोलाला अजून पुरता एक दिवसही झाला नव्हता.

अंगणात माणसं जमली होती. दारातून कोणीतरी हळूच म्हणालं, "चला बाई, उशीर होऊन राहिला."

"थांबा," वैशाली म्हणाली.